कचरा कुणाचा, दंड कुणाला?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आजच्या अभ्यासवर्गाचा विषय कळल्यावर काही पोरांनी नाक मुरडलं. अत्याचार आहेत, नोकऱ्यांचा अनुशेष आहे, झोपड्यांवर बुलडोझर आहे, आणि हे काय, प्लास्टिकच्या पिशवीवर भाषण? हा तर गच्चीत कुंड्या लावणाऱ्यांचा विषय. रविवारी हातमोजे घालून चौपाटीवर फोटो काढणाऱ्यांचा. त्यांचं त्यांना करू द्या.

मी म्हणतो, नाही. हा विषय त्यांच्या हातात राहिला म्हणूनच तो आपल्या मुळावर आला.

या देशात घाणीला जात आहे. घाण करणारा कोण आणि ती उचलणारा कोण, हे इथं जन्मानं ठरत आलं. अशा देशात कायदा जेव्हा कचऱ्याबद्दल बोलायला लागतो तेव्हा तो आपल्याबद्दलच बोलत असतो, मग त्यात आपलं नाव असो वा नसो. म्हणून हे कायदे आपण वाचले पाहिजेत. वाचताना तीन प्रश्न खिशात ठेवायचे. हा कायदा कुणाला पकडतो? कुणाला सोडतो? आणि स्वतःचं काम फुकटात कुणाकडून करून घेतो?

सुरुवात जुन्यापासून करू. १९११ चा पंजाबचा म्युनिसिपल कायदा आणि १९१६ चा संयुक्त प्रांताचा, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशचा, म्युनिसिपालिट्यांचा कायदा. एखाद्या घराची सफाई वहिवाटीनं ज्याच्याकडे आहे, त्यानं ती नीट केली नाही तर त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करता येत होतं. दंड १० रुपयांपर्यंत. बाबासाहेबांनी ही कलमं आपल्या लिखाणात उतरवून ठेवलीत. गंमत बघा, कायदा या वहिवाटीला म्हणतो ‘हक्क’. दुसऱ्याची घाण उपसण्याचा हक्क! आणि हक्क बजावला नाहीस तर दंड. जगात असा हक्क कुठं पाहिलाय का? घाण करणाऱ्याला त्या कलमात एक शब्द नाही. तो फक्त तक्रारदार.

ही त्या कायद्यांची खोड समजून घ्या. शहर स्वच्छ ठेवायचं म्हणजे उचलणाऱ्याच्या पाठीवर काठी ठेवायची. इंग्रज गेला. कायदे बदलले. ती खोड गेली का, ते आपण बघू.

१९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सुप्रीम कोर्टात शहरांच्या कचऱ्याबद्दल जनहित याचिका दाखल केली. शहरं कचऱ्यात बुडाली होती, म्युनिसिपालट्या झोपल्या होत्या, यात खोटं काहीच नव्हतं. त्या खटल्याच्या रेट्यानं २००० साली देशात पहिल्यांदा नागरी घनकचऱ्याचे नियम आले. शाळा-कॉलेजात एवढंच शिकवतात. पण त्याच खटल्यात, फेब्रुवारी २००० मध्ये, दिल्लीच्या कचऱ्यावर निकाल देताना कोर्टानं झोपडपट्टीवरही तोंडसुख घेतलं. सरकारी जमिनीवर झोपडी टाकणाऱ्याला फुकट पर्यायी जागा देणं म्हणजे पाकीटमाराला बक्षीस देणं, असं न्यायमूर्ती किरपाल यांच्या निकालपत्रात लिहिलंय.

थोडा विचार करा. खटला कचऱ्याचा. आरोपी म्युनिसिपालिटी. आणि पाकीटमार ठरला कोण? जो त्या शहराची घरं बांधतो, भांडी घासतो, गटारं उपसतो तो. स्वच्छता म्हणता म्हणता कोर्टाची नजर कचऱ्यावरून माणसावर कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. पांढरपेशाच्या डोळ्यात कचरा आणि झोपडी यांत फरक नसतो. दोन्ही ‘हटवायचं’ असतं.

आता मुंबईत येऊ. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मिठी नदी घरात शिरली. तिच्या काठची आपली माणसं मेली, संसार वाहून गेले. पाणी ओसरल्यावर गुन्हेगार शोधायला लागले, तर सापडला कोण? प्लास्टिकची पिशवी.

मी पिशवीचा वकील नाही. पिशव्यांनी गटारं तुंबली, हे खरं आहे. तुंबलेल्या नाल्याचं पाणी मलबार हिलवर चढत नाही, ते पहिलं आपल्याच उंबऱ्यात येतं. डेंग्यू-मलेरिया पहिला आपल्याच पोरांना होतो. तेव्हा ‘प्लास्टिक गरिबाचं आहे, त्याला हात लावू नका’ ही भाषा आपल्या तोंडी नको. ती कारखानदाराची भाषा आहे. तो ती आपल्या खांद्यावर बंदूक ठेवून बोलतो.

पण मिठीचा गळा काय एकट्या पिशवीनं आवळला? नदीचं पात्र विमानतळाच्या धावपट्टीखाली कुणी दाबलं? तिच्या मुखाशी तिवरांच्या दलदलीत भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल कुणी उभं केलं? त्या काचेच्या इमारतींना कुणी नोटीस चिकटवली नाही. नोटिसा लागल्या काठच्या झोपड्यांवर, आणि बंदी आली पिशवीवर. २००६ मध्ये महाराष्ट्रानं अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला. ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीला बंदी घातली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो मोजायचं यंत्र भाजीवालीकडं नसतं. पिशवी किती जाड बनवायची ते ठरवतो कारखानदार. पकडली जाते ती भाजीवाली. हा न्याय!

त्याच वर्षी मुंबई महापालिकेनं स्वच्छतेच्या उपविधी आणल्या. रस्त्यावर कचरा टाकला, २०० रुपये. थुंकलं, २०० रुपये. ठीक आहे. थुंकणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण यादी पुढं वाचा. सार्वजनिक जागी अंघोळ करणं गुन्हा. भांडी घासणं गुन्हा. कपडे धुणं गुन्हा. आता मला सांगा, हौसेनं रस्त्यावर अंघोळ कोण करतो? ज्याच्या घरात मोरी नाही, ज्याच्या वस्तीत नळ नाही, ज्याला फूटपाथ हेच घर आहे तो. त्याला पाणी देण्याची जबाबदारी ज्या महापालिकेची, तिनंच त्याच्या अंघोळीला दंड लावला. स्वतःचा गुन्हा दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्याचा इतका सोपा रस्ता कुणाला सुचला असेल?

आणि हा दंड वसूल कुणी करायचा? २००७ पासून क्लीन-अप मार्शल आले. खासगी एजन्सीची माणसं. दंडाची निम्मी रक्कम एजन्सीला. म्हणजे रस्ता जितका घाण, एजन्सीची कमाई तितकी जास्त. तो मार्शलही बहुतेक वेळा आपल्यातलाच बेकार पोरगा, पगार तुटपुंजा. त्याला वरून सांगितलेलं असणार, इतक्या पावत्या फाडल्या पाहिजेत. तो मोटारीची काच वाजवेल, की हमालाची गचांडी धरेल? तुम्हीच सांगा. तक्रारी झाल्या, योजना बंद पडली, पुन्हा आली. २०२४ मध्ये नव्यानं सुरू केली आणि २०२५ मध्ये तक्रारींच्या ढिगाखाली पुन्हा गुंडाळली. इतकी वर्षं हा खेळ चालला. नळ मात्र कुठल्याही योजनेत आला नाही.

आता मोठा कायदा. २३ मार्च २०१८. राज्य सरकारनं त्या २००६ च्या कायद्याखाली प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना काढली. पिशव्या, थाळ्या, पेले, चमचे, स्ट्रॉ. बनवायला, विकायला, वापरायला, बाळगायला बंदी. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. तीन महिन्यांची मुदत देऊन २३ जूनपासून पावत्या फाडायला सुरुवात झाली.

मॉलवाल्याला ५,००० म्हणजे चहापाण्याचा खर्च. टोपलीत कोथिंबीर घेऊन बसलेल्या मावशीला ५,००० म्हणजे अख्खं भांडवल, आणि वर सावकार. दंडाचा आकडा दोघांना सारखा. याला म्हणतात कायद्यापुढं समानता! दंड विक्रीच्या प्रमाणात का नाही? बनवणाऱ्याला त्याच्या उत्पादनाच्या टनामागं का नाही? हा प्रश्न विधानसभेच्या पायरीवर जाऊन विचारायला हवा होता. आपण तेव्हा कुठं होतो?

बंदी सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच पहिली सवलत निघाली. किराणा दुकानदारांना माल बांधून द्यायला ५० मायक्रॉनच्या वरचं प्लास्टिक चालेल. कारखान्यातच माल ज्यात बंद होतो त्या वेष्टनाला तर मुळातच सूट होती. म्हणजे मावशीची पिशवी गुन्हा, आणि कंपनीचं वेफर्सचं पाकीट, शांपूची पुडी, गुटख्यासारख्या मालाची पुडी कायदेशीर. तुम्ही आपल्या नाल्यात वाकून बघा. वर काय तरंगतंय?

दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परतीचे, बाटलीवर अनामत, असंही त्या वेळी लिहिलं गेलं. रिकामी पिशवी परत द्या, पैसे घ्या. ज्यांच्या हातावर ते ५० पैसे पडले त्यांनी हात वर करा. बघा. एकही नाही. हा भाग अमलात आला असता तर कारखानदाराला दुकानादुकानांतून आपला कचरा परत न्यावा लागला असता. म्हणून तो कागदावर राहिला. मावशीचा भाग मात्र पहिल्या दिवसापासून अमलात आला.

याहून मोठी हरामखोरी दिल्लीत झाली, आणि तीही त्याच आठवड्यात. नीट ऐका, तारखा लिहून घ्या. १८ मार्च २०१६ ला केंद्रानं प्लास्टिक कचऱ्याचे नवे नियम काढले. त्यात एक चांगली ओळ होती. ज्याचा पुनर्वापर होऊ शकत नाही असं अनेक थरांचं प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं. अनेक थरांचं म्हणजे हेच वेफर्सचं पाकीट. आत चंदेरी थर, वर छापील थर, मध्ये चिकटवण्याचा थर. हे थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. बाटली घेईल, बादली घेईल, डबा घेईल, पुठ्ठा घेईल. पाकीट नाही. वेचणारी बाई ते उचलत नाही, कारण दिवसभर पोतंभर पाकिटं वेचली तरी संध्याकाळी चहा सुटत नाही. म्हणून ते नाल्यात जातं, किंवा जाळलं जातं.

दोन वर्षांची मुदत भरली १८ मार्च २०१८ ला. २३ मार्चला मुंबईत बंदीची अधिसूचना निघाली. आणि २७ मार्चला दिल्लीनं नियमातले शब्द बदलले. आता बंदी कशाला? जे पुनर्वापराला येत नाही, ज्याच्यापासून ऊर्जा मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगच नाही, अशाला. आता काय राहिलं? भट्टीत घालून जाळता येतं ना? मग झालं, ऊर्जा मिळाली. वेफर्सचं पाकीट सुटलं. दोन-चार शब्दांची भर, आणि देशभरातले कारखाने मोकळे. पुढं १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी आली. स्ट्रॉ, थाळी, पेला, कानकोरणीची काडी, आइस्क्रीमची काडी. त्या यादीतही पाकीट नाही. काडी पकडली, पाकीट सुटलं.

इथं एक गोष्ट पोटात ठेवू नये. त्या २०१८ च्या बंदीत लहानलहान कारखान्यांत पिशव्या कापणारे, छापणारे कामगार बेकार झाले. त्यांत आपली पोरं होती. त्यांना ना नुकसानभरपाई, ना दुसरं काम. बंदी घालणाऱ्या सरकारनं कामगाराचा विचारच केला नव्हता. पर्यावरणाच्या नावानं चूल विझवायची असेल तर आधी दुसरी चूल पेटवून द्या. हे आपण ठणकावून सांगितलं पाहिजे.

दोस्तहो, आता तिसरा प्रश्न. कायद्याचं काम फुकटात कोण करतं?

१९७२ चा दुष्काळ आठवा. आठवा म्हणजे घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून माणसं पुण्या-मुंबईला आली. मातंग होते, आपले बौद्ध होते. शेत नाही, शिक्षण नाही, हातात कसब होतं त्याला शहरात गिऱ्हाईक नाही. बाया पोतं घेऊन कचराकुंडीवर गेल्या. कागद, काच, पत्रा. तेव्हापासून या शहरांत जे काही पुन्हा वापरात येतं, त्याची पहिली निवड त्यांच्या हातांनी होते. कुठल्याही म्युनिसिपालिटीनं त्यांना नेमलं नाही. कुणी पगार दिला नाही. उलट पोलिसांनी चोर म्हणून धरलं, सोसायटीच्या वॉचमननं हाकललं, कुत्री अंगावर सोडली.

१९९३ मध्ये पुण्यात बाबा आढावांच्या पुढाकारानं या बायांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. महापालिकेच्या शिक्क्याचं ओळखपत्र त्यांनी भांडून घेतलं. पुढं ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली. दारोदार कचरा त्या घेतात, घरटी महिन्याचं शुल्क थेट त्यांच्या हातात येतं, वेचलेल्या भंगाराचे पैसेही त्यांचेच. मधे ठेकेदार नाही. म्हणूनच तो ठेकेदारांच्या डोळ्यात खुपतो. २०२०-२१ मध्ये महापालिकेशी झालेला करार संपला तेव्हा कंत्राटदारांना आत घुसवायची कुजबुज सुरू झाली, आणि या बाया रस्त्यावर उतरल्या. लिहिता न येणाऱ्या बायांनी करारातलं कलम न् कलम तोंडपाठ केलेलं असतं. आपण पदव्या घेऊन बसलोय आणि आपल्या वॉर्डाची उपविधी आपण पाहिलेली नाही.

याच बायांनी २०१३ मध्ये एक फार मोठं काम केलं. कागदात न गुंडाळता फेकलेले सॅनिटरी पॅड त्यांना रोज हातानं वेगळे करावे लागत. त्यांनी ते पॅड गोळा केले आणि बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांना परत पाठवून दिले. तुमचा माल, घ्या. कंपन्यांच्या वातानुकूलित कचेऱ्यांत त्या दिवशी कसा वास सुटला असेल! पण काम झालं. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत लिहावं लागलं की पॅड बनवणाऱ्यानं ते टाकायला सोबत पिशवी किंवा वेष्टन द्यावं. कचरावेचक हा शब्दही त्याच नियमांत आला. त्यांची नोंद करा, त्यांना कामात सामावून घ्या, असं स्थानिक संस्थांना सांगितलं गेलं. ही ओळ कुणा साहेबाच्या दयेनं आलेली नाही. वीस-बावीस वर्षांच्या मोर्च्यांनी ती लिहून घेतली.

लिहून घेतलं तरी अमलात आणतंय कोण? मुंबईचं देवनार बघा. १९२७ पासून शहराचा कचरा तिथं पडतोय. शेजारी गोवंडी, शिवाजीनगर, मानखुर्द. दलित आणि मुसलमान. २००९ च्या मुंबईच्या मानव विकास अहवालात हाच एम पूर्व विभाग सगळ्यात तळाला होता. जानेवारी २०१६ च्या अखेरीला डंपिंगला आग लागली, धूर दक्षिण मुंबईपर्यंत गेला, तेव्हा कुठं शहराला जाग आली. गोवंडीच्या छातीत तो धूर वर्षानुवर्षं होताच. मग काय केलं? वेचणाऱ्यांना आत जायला बंदी. पहारा. भंगारवाल्यांना अटक. कचऱ्याचा डोंगर तसाच, आणि त्यावर पोट भरणारा बाहेर. आणि २०२४ मध्ये सरकारनं त्याच देवनारची सुमारे १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनाला द्यायचं ठरवलं. धारावीची जमीन बिल्डरला, धारावीचा माणूस उकिरड्यावर. २००० सालच्या निकालपत्रातला पाकीटमार आठवतोय ना? त्याला हे बक्षीस.

आता पैशाचा हिशेब. नव्या नियमांत एक तत्त्व आहे. जो प्लास्टिक बाजारात आणतो त्यानं ते परत गोळा करायची जबाबदारी घ्यायची. याला उत्पादकाची विस्तारित जबाबदारी म्हणतात. तत्त्व सोन्यासारखं आहे. २०२२ मध्ये त्याची कार्यपद्धत ठरली. कंपनीनं स्वतः गोळा करायचं नसेल तर तिनं प्रमाणपत्र विकत घ्यायचं. प्रमाणपत्र कोण देतो? नोंदणी असलेला प्रक्रिया कारखाना. म्हणजे बाटली नाल्यातून काढली बाईनं, विकत घेतली भंगारवाल्यानं, दळली कारखान्यानं, आणि पुण्य विकून पैसे मिळवले तेही कारखान्यानं. बाईचं नाव त्या साखळीत कुठं? कुठंच नाही. वर लबाडी अशी की २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत लाखो प्रमाणपत्रं बोगस निघाली. न उचललेल्या कचऱ्याची पावती! जिनं खरोखर उचलला तिच्याकडं पावती नाही, आणि ज्यानं उचललाच नाही त्याच्याकडं लाखाच्या गड्ड्या.

इथं तुमच्यातले विचार करणारे मला अडवतील. अडवलंच पाहिजे. तुम्ही म्हणाल, बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला काय सांगितलं? मेलेलं ढोर ओढू नका, उष्टं-खरकटं मागू नका, घाणीची कामं सोडा. आणि तुम्ही म्हणता कचरा वेचण्याला हक्क द्या, ओळखपत्र द्या, पगार द्या. म्हणजे आपल्या बायांना कचऱ्यातच पक्कं करायचं का? १९१६ च्या कायद्यातल्या त्या ‘हक्का’त आणि या हक्कात फरक काय?

हा खरा प्रश्न आहे. याला टाळून पुढं जाता येणार नाही.

फरक असा आहे. १९१६ चा हक्क जातीचा होता, त्यात मजुरीची हमी नव्हती, आणि सोडून जायची मोकळीक नव्हती. आपण मागतो तो कामगाराचा हक्क. त्याला मजुरी हवी, हातमोजे-बूट हवेत, आजारपणाची रजा हवी, म्हातारपणाला पेन्शन हवी, आणि नको असेल त्या दिवशी लाथ मारून जाता आलं पाहिजे. बाबासाहेबांनी महाडला घाणीची कामं सोडायला सांगितलं, आणि त्यांनीच १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघही उभा केला. दोन्ही एकाच माणसानं केलं. ज्याला आज ते काम केल्याशिवाय चूल पेटत नाही त्याला त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही, आणि त्याच्या पोराच्या हातात तोच झाडू द्यायचंही कबूल केलं नाही.

मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघानं हेच करून दाखवलं. कंत्राटी सफाई कामगार वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले. महापालिका म्हणायची, हे आमचे नाहीत, ठेकेदाराचे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. कायम झालेल्या माणसाच्या घरात काय बदलतं ते बघा. पोरगी शाळा सोडत नाही. पगाराच्या चिठ्ठीवर बँक कर्ज देते. पुढची पिढी त्या कामातून सुटते ती अशी. उपाशी ठेवून कुणी कामातून सुटत नाही, तो आणखी खोल रुततो.

तेव्हा आपली भूमिका साधी आहे. जो आज हे काम करतो त्याला पूर्ण मोल. आणि जन्मानं हे काम कुणालाच नाही. गोखले-देशपांड्यांच्या पोरांनाही नोकरी म्हणून यावंसं वाटेल इतका पगार या कामाला मिळाला पाहिजे. त्या दिवशी समजा की या कामाची जात गेली.

आता करायचं काय ते सांगतो. नुसतं भाषण ऐकून टाळ्या वाजवायच्या असतील तर सिनेमाला जा.

पहिलं, प्रत्येक शाखेनं आपल्या महापालिकेच्या स्वच्छतेच्या उपविधी मराठीत मिळवायच्या. मिळत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. वस्तीत वाचून दाखवायच्या. दंड घेणाऱ्याकडं ओळखपत्र आणि पावती मागायची हे प्रत्येक पथारीवाल्याला ठाऊक पाहिजे.

दुसरं, त्याच अर्जात विचारायचं, गेल्या पाच वर्षांत दंड कुणाकुणाकडून घेतला? किती फेरीवाले, किती दुकानदार, किती कारखाने? आकडे आले की भिंतीवर लावायचे. आकड्यांइतकी झोंबणारी घोषणा दुसरी नाही.

तिसरं, एक रविवार घ्यायचा. आपल्याच वस्तीतला एक नाला घ्यायचा. त्यातली पाकिटं काढायची आणि मोजायची. कुठल्या कंपनीची किती, नावानिशी. पुण्याच्या बायांनी दाखवलेली वाट आहे. मोजून झाल्यावर पोतं भरून कंपनीच्या दारात नेऊन ठेवायचं. यादीसकट. फोटो काढायचाच असेल तर तिथं काढा.

चौथं, मागण्या. दंड विक्रीच्या आणि उत्पादनाच्या प्रमाणात हवा. उत्पादकाच्या जबाबदारीचा पैसा वेचणाऱ्या बाईपर्यंत पोचला पाहिजे, किलोमागं आणि तिच्या नावानं. भंगारात ज्याला किंमत नाही असं पाकीट बनवायलाच बंदी, आणि २०१८ मध्ये बदललेले शब्द पुन्हा होते तसे करा. नळ आणि संडास आधी, अंघोळीचा दंड नंतर. आणि कचऱ्यात काम करणारा एकही माणूस ठेकेदाराकडं नको.

पाचवं, आपल्याबद्दल. सभा संपल्यावर आपण बुद्धविहाराच्या अंगणात, भीमजयंतीच्या मिरवणुकीमागं जो कचरा सोडतो तो पहाटे कोण उचलतं? आपलीच कुणाची तरी आई. दुसऱ्याला ‘घाण करणारा तू’ म्हणायचं असेल तर स्वतःचे हात आधी बघावे लागतील. मिरवणुकीमागं पोरांची एक तुकडी झाडू घेऊन चालली पाहिजे, आणि त्या तुकडीत पुढारी पहिला.

कायदा आपल्या बाजूनं आपोआप कधीच झुकत नाही, त्याला ओढून आणावं लागतं. २,७०० जणांनी ओढला. पोतं घेतलेल्या बायांनी ओढला. आता आपण हात लावायचा. पुढच्या बैठकीला प्रत्येकानं आपल्या वॉर्डाची उपविधी घेऊन यायची. जो रिकाम्या हातानं येईल त्यानं नाल्यावर पहिलं पोतं भरायचं.

जयभीम.